अभय आणि कागद : अमेरिकेतील ‘सँक्च्युअरी’ चळवळीचा एक अभ्यास

१

परक्या देशात राहणाऱ्या मनुष्यापाशी तेथील शासनाने दिलेला कागद नसेल, तर त्याला कोणत्या नावाने ओळखावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ परिभाषेचा वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. ज्या नावाने मनुष्य पुकारला जातो, त्या नावावरच त्याची पुढची वाट ठरते. अमेरिकेच्या कायद्यात परकीय व्यक्तीसाठी ‘एलियन’ हा शब्द अठराव्या शतकापासून रूढ आहे. विसाव्या शतकात त्याला ‘बेकायदा’ हे विशेषण जोडले गेले आणि एखाद्या कृत्याला लावावयाचे विशेषण मनुष्याला लागले. सीमेवरच्या बोलभाषेत स्पॅनिश ‘मोहादो’, म्हणजे भिजलेला, नदी ओलांडून आलेला, असा शब्द होता. त्याचेच ‘वेटबॅक’ हे हेटाळणीचे इंग्रजी रूप १९५४ साली मेक्सिकन मजुरांना हुसकून लावण्याच्या शासकीय मोहिमेला अधिकृत नाव म्हणून देण्यात आले. याउलट ‘इन्दोकुमेन्तादो’ हा स्पॅनिश शब्द एवढेच सांगतो की, या माणसापाशी कागद नाही. मराठीत ‘घुसखोर’ हा शब्द हेतूचा आरोप करतो, ‘बेकायदा स्थलांतरित’ हा निवाडा देतो. प्रस्तुत निबंधात ‘बिनकागदी’ हा साधा शब्द योजिला आहे, तो याच कारणाने.

१९८० नंतरच्या दशकात एल साल्वादोर व ग्वाटेमाला या देशांतून अमेरिकेत आलेल्या बिनकागदी लोकांचा इतिहास हा या निबंधाचा विषय होय. त्यांच्यापुढील सामाजिक अडसर पुष्कळ अंशी भाषेचे व नामकरणाचे होते. त्यांना मिळालेले धार्मिक साहाय्यही मुळात एका जुन्या शब्दाच्या पुनरुज्जीवनातून उभे राहिले. परंतु त्या साहाय्यालाही स्वतःच्या मर्यादा होत्या. या तीन गोष्टींचा परस्परसंबंध दाखविणे, एवढाच येथे उद्देश आहे.

२

एल साल्वादोरमधील यादवी युद्ध १९८० पासून १९९२ पर्यंत चालले. त्यात सुमारे ७५,००० माणसे मृत्यू पावली. सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी २३ मार्च १९८० रोजी आपल्या प्रवचनात सैनिकांना, निरपराध्यांना मारण्याची आज्ञा पाळू नका, असे जाहीरपणे सांगितले. दुसऱ्याच दिवशी एका रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात उपासना चालू असता त्यांचा गोळी घालून वध करण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरात चार अमेरिकन धर्मसेविकांची हत्या झाली. शेजारच्या ग्वाटेमालातील संघर्ष १९६० पासून १९९६ पर्यंत चालला, आणि त्यातील मृत व बेपत्ता यांची संख्या चौकशी आयोगाने १९९९ साली दोन लाखांवर धरिली. ज्यांची ओळख पटली अशा बळींपैकी ८३ टक्के माया वंशाचे होते.

योगायोग असा की, अमेरिकेचा निर्वासितविषयक नवा कायदा रोमेरो यांच्या वधापूर्वी एकच आठवडा, म्हणजे १७ मार्च १९८० रोजी, अंमलात आला होता. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे तो निर्वासित, ही आंतरराष्ट्रीय व्याख्या त्या कायद्याने स्वीकारली. कागदावर पाहता साल्वादोरी शेतकऱ्याला किंवा माया विणकर स्त्रीला तिचा लाभ मिळावयास हरकत नव्हती. तथापि एल साल्वादोरच्या शासनाला अमेरिका लष्करी साहाय्य देत होती. आपण ज्या शासनाला शस्त्रे पुरवितो तेच आपल्या प्रजेचा छळ करीत आहे, असे मान्य करणे वॉशिंग्टनला अडचणीचे होते. म्हणून हे लोक पोट भरण्यासाठी आलेले आहेत, अशी अधिकृत भूमिका घेण्यात आली. परिणामी १९८४ साली साल्वादोरी अर्जदारांपैकी ३ टक्क्यांहूनही कमी लोकांना आश्रय मिळाला. ग्वाटेमालाच्या बाबतीत हे प्रमाण त्याहूनही कमी होते.

३

हा नकार प्रत्यक्षात कसा घडत असे, हे पाहिल्यावाचून ‘सामाजिक अडसर’ या शब्दप्रयोगाचा अर्थ उमगत नाही.

पहिला अडसर उच्चाराचा होता. अमेरिकेच्या सीमेपर्यंत पोचण्याआधी या लोकांना सबंध मेक्सिको ओलांडावा लागे, आणि तेथे ते सापडले तर त्यांची रवानगी ग्वाटेमालाच्या सीमेवर होत असे. म्हणून मेक्सिकन म्हणून खपणे अवश्य होते. परंतु साल्वादोरी मनुष्य जवळच्या माणसाला ‘वोस’ असे संबोधितो, तर मेक्सिकोच्या बहुतांश भागात ‘तू’ असे म्हणतात. साल्वादोरात मुलाला ‘सिपोते’ आणि पैशाला ‘पिस्तो’ म्हणतात. असा एखादा शब्द तोंडून निसटला की मनुष्य पकडला जाई. बायबलच्या शास्ते या ग्रंथात यार्देन नदीच्या उतारावर ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारावयास लावून, ज्यांना ‘श’ म्हणता येत नसे त्यांना ठार केल्याची कथा आहे. भाषाशास्त्राने तिच्यातील शब्दाला परिभाषेचे स्थान दिले. १९८० नंतरच्या मेक्सिकोत ती कथा पुन्हा घडत होती. स्वतःची बोली विसरण्याचा सराव करणे, हा या प्रवासाचा एक भागच होऊन बसला.

दुसरा अडसर कागदाच्या भाषेचा. सीमेवर पकडल्या गेलेल्या साल्वादोरी मनुष्यापुढे ‘स्वेच्छेने प्रस्थान’ या मथळ्याचा एक कागद ठेवीत. त्यावर सही केली म्हणजे आश्रयाचा अर्ज करण्याचा हक्क आपोआप सुटे. पुष्कळांना असा हक्क आहे हेच ठाऊक नसे आणि सांगितलेही जात नसे. १९८८ साली एका केंद्रीय न्यायालयाने या सह्या दबावाने घेतल्या जात होत्या, असा निष्कर्ष काढून अधिकाऱ्यांवर कायमचा निर्बंध घातला. ज्या कागदावर ‘स्वेच्छा’ हा शब्द छापलेला होता, त्याच कागदावर स्वेच्छेचा लोप होत होता, असा याचा अर्थ.

तिसरा अडसर माया लोकांच्या वाट्याला आला. कांखोबाल, कीचे, माम या भाषा बोलणाऱ्यांना शासन ‘स्पॅनिशभाषक’ समजे. त्यांच्यातील कित्येकांना स्पॅनिश मोडकीतोडकीच येत असे, स्त्रियांना तर क्वचितच. इंग्रजीत प्रश्न, स्पॅनिशमध्ये दुभाषा आणि माया भाषेतील स्मृती, अशा दुहेरी गाळणीतून छळाची हकीकत जात असे. तिच्यातील एखादी तारीख चुकली की अर्जदार अविश्वसनीय ठरे.

येथे पोचल्यावरही जिणे सुखाचे नव्हते. लॉस एंजेलिसच्या पिको-युनियन किंवा वॉशिंग्टनच्या माउंट प्लेझंट वस्तीत एका खोलीत अनेकांनी राहावे, मजुरी बुडाली तरी तक्रार करू नये, आजार अंगावर काढावा, आपले खरे नाव शेजाऱ्यालाही सांगू नये, अशी स्थिती होती. मुलांना मात्र १९८२ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाने शाळेचा दरवाजा मोकळा झाला. टेक्ससमधील या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरले की, आईबापांच्या कागदांवरून मुलांना शिक्षण नाकारता येणार नाही. बाप सावलीत आणि मूल वर्गात, असे दुभंगलेले कुटुंबजीवन तेव्हापासून बिनकागदी समाजाचे लक्षण झाले.

४

जुलै १९८० मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात साल्वादोरी लोकांची एक तुकडी वाटाड्यांनी सोडून दिली आणि तिच्यातील १३ जण तहानेने मेले. वाचलेल्यांना साहाय्य करण्यासाठी टूसॉन शहरातील चर्चे पुढे आली, आणि ही माणसे परत जाण्यास इतकी का भितात, हे त्यांना प्रथमच त्यांच्या तोंडून ऐकावयास मिळाले. पुढच्या वर्षी जिम कॉर्बेट या गृहस्थाचा या कार्यात प्रवेश झाला. कुमाऊँच्या प्रसिद्ध शिकाऱ्याशी त्याचे केवळ नामसादृश्य होते. हा कॉर्बेट क्वेकर पंथाचा, तत्त्वज्ञानाचा पदवीधर, शेळ्यामेंढ्या राखणारा आणि संधिवाताने हातपाय वाकलेला असा मनुष्य होता. मे १९८१ मध्ये त्याच्या एका मित्राच्या गाडीतून एका साल्वादोरी वाटसरूला सीमारक्षकांनी उतरवून नेले. त्याचे पुढे काय झाले, याची चौकशी करता करता कॉर्बेट बंदिवासात असलेल्या शेकडो लोकांपर्यंत पोचला. नोगालेस येथील मेक्सिकन तुरुंगात तो तेथल्या धर्मगुरूबरोबर जाऊ लागला, आणि लौकरच स्वतः निर्वासितांना कुंपणापलीकडून आणू लागला.

टूसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चचे धर्मोपदेशक जॉन फाइफ यांनी या लोकांना आपल्या चर्चमध्ये थारा दिला. प्रारंभी हे कार्य गुप्त होते. परंतु अधिकाऱ्यांना ते कळले आहे, अशी सूचना मिळाल्यावर मंडळीपुढे दोनच मार्ग उरले. एक तर ते थांबवावयाचे, नाही तर उघड करावयाचे. मंडळीने विचारविनिमय करून दुसरा मार्ग स्वीकारला. २४ मार्च १९८२ रोजी, रोमेरो यांच्या वधाच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, त्या चर्चने आपण ‘सँक्च्युअरी’ असल्याचे जाहीर केले. तत्पूर्वी अमेरिकेच्या महान्यायवाद्यांना पत्र लिहून त्याची रीतसर कल्पना देण्यात आली होती. त्याच दिवशी कॅलिफोर्नियातील बर्कली परिसरातील पाच मंडळ्यांनीही तशीच घोषणा केली. काही वर्षांतच अशा मंडळ्यांची संख्या ५०० च्या वर गेली. त्यांत प्रॉटेस्टंट, कॅथॉलिक, क्वेकर आणि ज्यू या सर्वांचा समावेश होता.

५

ज्या शब्दाने हे कार्य उभे राहिले त्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे. ग्रीक ‘असिलोन’ म्हणजे जेथून कोणाला ओढून नेता येत नाही ते स्थान. शब्दाची घडणच नकारात्मक आहे : बळजबरीच्या पकडीचा अभाव. लॅटिन ‘सांक्तुआरिउम’ हा शब्द मात्र पावित्र्यावर भर देतो. हिब्रू धर्मशास्त्रातील गणना या ग्रंथात नकळत मनुष्यवध घडलेल्यासाठी सहा आश्रयनगरे नेमून दिलेली आहेत. मध्ययुगीन युरोपात चर्चमध्ये शिरलेल्याला राजाचे शिपाई पकडू शकत नसत. इंग्लंडात हा हक्क सतराव्या शतकात, पहिल्या जेम्सच्या कारकीर्दीत, कायद्याने रद्द झाला. अर्थात् टूसॉनच्या चर्चला १९८२ साली या शब्दातून कायद्याचे कोणतेही संरक्षण मिळत नव्हते. त्यांनी एक मृत हक्क नैतिक आवाहन म्हणून जिवंत केला.

मराठीत या शब्दाला पर्याय शोधताना एक उद्‌बोधक अडचण येते. ‘शरण’ हा शब्द प्रथम सुचतो. शिबिराजा आणि कपोत यांच्या कथेत किंवा विभीषणाच्या शरणागतीत त्याचा मूळचा अर्थ, रक्षण, अबाधित आहे. परंतु आजच्या मराठीत ‘शरण जाणे’ म्हणजे हार पत्करणे, असाही अर्थ बळावलेला आहे. त्यात येणाऱ्याची नम्रता दिसते, देणाऱ्याचे कर्तव्य दिसत नाही. त्यापेक्षा ‘अभय’ हा शब्द अधिक समर्पक ठरतो. मराठी दप्तरांत ‘कौल’ व ‘अभयपत्र’ हे शब्द आढळतात. आपले काही वाईट होणार नाही, असे ज्याला आश्वासन द्यावयाचे, त्याच्या हाती असा लेख देत. म्हणजे तेथे कागदच अभय देतो. अमेरिकेतील चळवळीत स्थिती नेमकी उलट होती. ज्याच्यापाशी कागद नाही त्याला, कागद देण्याचा अधिकार नसलेल्यांनी, केवळ शब्दाने अभय दिले.

त्यामागची आध्यात्मिक दृष्टी दोन प्रकारची होती. एक दृष्टी स्मृतीची. लेवीय ग्रंथात परक्याशी स्वकीयासारखे वागा, असे सांगताना त्याचे कारण दिले आहे ते दयेचे नव्हे, तर स्मरणाचे : इजिप्तमध्ये तुम्हीही परके होता. तेथील हिब्रू ‘गेर’ या शब्दाला मराठीत ‘उपरा’ हा शब्द सर्वांत जवळचा. दुसरी दृष्टी कॉर्बेटची. त्याने सविनय कायदेभंग हे वर्णन नाकारले. कायदा आम्ही मोडीत नाही, शासन मोडीत आहे. शासनाने टाकून दिलेला १९८० चा कायदा आम्ही पाळीत आहो, असे त्याचे म्हणणे होते. या भूमिकेला तो ‘नागरी पुढाकार’ असे म्हणे. यात क्वेकर पंथाची शिकवण स्पष्ट दिसते. प्रत्येक मनुष्याच्या ठिकाणी ईश्वरी प्रकाश आहे असे मानले, म्हणजे दारात उभ्या असलेल्या मनुष्याचे ऐकून घेणे हीच उपासना ठरते.

६

शासनाने या चळवळीविरुद्ध हेर नेमले. त्यांनी चर्चमधील सभांचे संभाषण गुप्तपणे ध्वनिमुद्रित केले. या तपासाला ‘ऑपरेशन सोजर्नर’ असे नाव देण्यात आले होते. इंग्रजी बायबलात ‘गेर’ या हिब्रू शब्दासाठी ‘सोजर्नर’ हाच शब्द येतो. ज्या शब्दाने परक्याच्या रक्षणाची आज्ञा दिली, तोच शब्द त्याच्या रक्षकांना पकडण्याच्या योजनेला लाभावा, याहून मोठा अर्थविपर्यय क्वचितच आढळेल.

जानेवारी १९८५ मध्ये सोळा जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्यांत धर्मगुरू, जोगिणी आणि सामान्य उपासक होते. त्यांपैकी अकरा जणांवर टूसॉन येथे खटला चालला. एल साल्वादोर व ग्वाटेमाला येथील परिस्थिती, आंतरराष्ट्रीय कायदा आणि आरोपींची धर्मश्रद्धा यांविषयीचा पुरावा ज्यूरीपुढे आणण्यास न्यायाधीशांनी मनाई केली. मग उरला तो एवढाच प्रश्न की, या माणसांनी बिनकागदी परकीयांना आणले व लपविले की नाही. ‘निर्वासित’ हा शब्द ज्यावर उभा राहतो ती सारी जमीनच अशा रीतीने काढून घेण्यात आली. बचावपक्षाने एकही साक्षीदार उभा केला नाही. १ मे १९८६ रोजी आठ जण दोषी ठरले, तिघे सुटले. सुटलेल्यांत कॉर्बेट होता, दोषी ठरलेल्यांत फाइफ. जुलैमध्ये शिक्षा सांगण्यात आली ती तुरुंगवासाची नव्हे, परिवीक्षेची. न्यायालयाने कायद्याचा मान राखिला, परंतु आपल्या निकालावर पूर्ण भार टाकण्याचे धैर्य त्यालाही झाले नाही, असा या शिक्षेचा एक अर्थ करता येतो.

७

या चळवळीचे केवळ गौरवाने वर्णन करणे इतिहासाला धरून होणार नाही. तिच्यातील निर्वासित हा बहुधा साक्षीदार म्हणून पुढे येई. चेहऱ्यावर रुमाल बांधून तो चर्चच्या व्यासपीठावर उभा राही आणि आपल्यावरील अत्याचारांची हकीकत दुभाष्याच्या द्वारे सांगे. रुमाल गावाकडच्या नातलगांच्या सुरक्षिततेसाठी अवश्य होता. परंतु श्रोत्यांना दिसत असे ते एक झाकलेले मुख आणि एक दुःख. त्या मनुष्याचा विनोद, त्याचा राग, त्याचे क्षुद्र व्यावहारिक प्रश्न यांना त्या प्रसंगात जागा नव्हती. पाहुणा म्हणून आलेला मनुष्य दृष्टांत होऊन बसे.

याच मुद्यावर चळवळीत फूट पडली. शिकागोच्या कार्यकर्त्यांचे मत असे होते की, अमेरिकेचे मध्य-अमेरिकेतील धोरण बदलणे हे मुख्य कार्य असून, जे निर्वासित त्याविषयी बोलू शकतात त्यांनाच प्राधान्य द्यावे. टूसॉनचे म्हणणे, ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला अभय द्यावयाचे. तो कोणत्या पक्षापासून पळाला, तो बोलेल की गप्प राहील, हे पाहावयाचे नाही. शिकागोच्या मतात राजकीय विवेक होता, हे नाकारता येत नाही. मूळ कारण कायम राहिले तर अभय किती जणांना पुरणार? तथापि उपयुक्ततेच्या कसोटीने अभय मिळू लागले, की दाराशी पुन्हा एक अधिकारी बसतो आणि पुन्हा एक प्रश्नपत्रिका येते. आध्यात्मिक दृष्टीने पाहता टूसॉनची बाजू अधिक सुसंगत होती, असेच म्हणावे लागते.

परंतु टूसॉनच्या भूमिकेतही एक सीमारेषा होती. तेथेही ‘निर्वासित’ आणि पोटासाठी आलेला मजूर यांत भेद केला जाई. १९८६ सालच्या कायद्याने १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून अमेरिकेत राहणाऱ्या बिनकागदी लोकांना अधिकृत होण्याची संधी दिली. त्या कायद्याच्या विविध तरतुदींखाली सुमारे २७ लाख लोकांना तिचा लाभ झाला. त्याबरोबरच बिनकागदी माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड लागू झाला. बहुतेक साल्वादोरी व ग्वाटेमाली लोक त्या तारखेनंतर आलेले असल्याने वगळले गेले, आणि त्यांच्याबरोबर असंख्य मेक्सिकन मजूरही. लॉस एंजेलिसच्या ‘ला प्लासिता’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या चर्चचे धर्मगुरू लुईस ओलिव्हारेस यांनी १२ डिसेंबर १९८५ रोजी मध्य-अमेरिकी लोकांसाठी अभयाची घोषणा केलेली होती. रात्री चर्चच्या बाकांवर निराश्रित पुरुष झोपत. दोन वर्षांनी, १२ डिसेंबर १९८७ रोजी, त्यांनी तीच घोषणा नव्या कायद्यातून वगळल्या गेलेल्या बिनकागदी मजुरांसाठीही केली. १२ डिसेंबर हा ग्वादालूपेच्या मातेचा सणाचा दिवस, मेक्सिकन कष्टकऱ्याला सर्वांत जवळचा. भूक हीदेखील भीतीच होय, हा त्या घोषणेचा आशय होता. चळवळीच्या सबंध इतिहासात विचाराचे एवढे मोठे पाऊल दुसरे नाही.

८

पुढे घटनांनी निर्वासितांच्या तोंडी हकीकतींना पुष्टी दिली. चर्चसंस्थांनी १९८५ साली शासनाविरुद्ध लाविलेला दिवाणी दावा जानेवारी १९९१ मध्ये तडजोडीने मिटला. पूर्वी नाकारलेल्या साल्वादोरी व ग्वाटेमाली लोकांच्या अर्जांची नव्याने सुनावणी करण्याचे, आणि ती करताना परराष्ट्रधोरणाचा विचार न करण्याचे शासनाने मान्य केले. १९९० च्या कायद्याने साल्वादोरी लोकांना तात्पुरते संरक्षणही मिळाले. एल साल्वादोरविषयी संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने मार्च १९९३ मध्ये अहवाल दिला. आयोगाकडे २२,००० हून अधिक तक्रारी आल्या होत्या, आणि त्यांपैकी सुमारे ८५ टक्के तक्रारींत दोष शासनाच्या हस्तकांकडे व त्यांच्या मित्रपथकांकडे होता. दहा वर्षांपूर्वी रुमालाआडून जे सांगितले जात होते, तेच आता छापील अहवालात आले. रोमेरो यांना २०१८ साली संतपद देण्यात आले.

शब्दांची स्थितीही काही अंशी पालटली. एका प्रमुख अमेरिकन वृत्तसंस्थेने २०१३ साली मनुष्याला ‘बेकायदा’ हे विशेषण लावणे सोडून दिले. परंतु अभयाचे स्थान मात्र अस्थिरच राहिले. चर्च, शाळा व रुग्णालये येथे अटक टाळावी, अशी २०११ पासूनची लेखी सूचना जानेवारी २०२५ मध्ये रद्द करण्यात आली. कायद्याच्या आधारावाचून उभा असलेला शब्द किती काळ टिकतो, हा प्रश्न अशा रीतीने पुन्हा पुढे आलेला आहे.

या इतिहासातून सीमा नसाव्यात असा निष्कर्ष निघत नाही, आणि चळवळीतील बहुतेकांचेही तसे म्हणणे नव्हते. त्यातून निघतो तो पुराव्याच्या ओझ्याचा प्रश्न. कागदाची भाषा ज्याला येत नाही, ज्याची बोलीच त्याला पकडून देते, ज्याच्या स्मृतीला दोन दुभाष्यांतून जावे लागते, त्याच्यावरच आपले सत्य सिद्ध करण्याचा भार टाकावा काय? टूसॉनच्या मंडळीने त्या भाराचा काही अंश आपल्या अंगावर घेतला. प्रथम ऐकून घ्यावे, मग नाव द्यावे, एवढाच त्यांनी क्रम बदलला. शासनाने नाव आधी दिले होते आणि ऐकण्याची गरज त्यामुळेच त्याला उरली नव्हती.